सुतारमेटापासून बॉडी-कारखान्यापर्यंत



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पायंडा पाडला, आणि तेव्हापासून महाराष्ट्रातील गावोगावच्या व्यासपीठांवरून राजांची, संतांची आणि पुढाऱ्यांची चरित्रे आपण ऐकत आलो. आज मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे त्यांना चरित्र नाही. ती माणसे म्हणजे वाहनांची अंगे घडविणारे कारागीर : काल बैलगाडी जोडणारा सुतार, आणि आज बसची किंवा ट्रकची बॉडी बांधणारा पत्राकामगार, वेल्डर, रंगारी. मी इतिहासाचा पदवीधर नाही. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, कामगार न्यायालयाच्या पायऱ्यांवर आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा पंडिताची अपेक्षा न ठेवता, या माणसांबरोबर वावरलेल्या एका कार्यकर्त्याचे म्हणणे म्हणून हे ऐकावे, अशी विनंती आहे.

आरंभी एक साधा प्रश्न विचारतो. एस.टी.च्या गाडीवर आपण कोणाची नावे वाचतो? पुढच्या बाजूस टाटा किंवा लेलँड, आणि अंगावर महामंडळ. परंतु टाटा-लेलँडने पुष्कळ वर्षे दिली ती केवळ चासी. म्हणजे पोलादी सांगाडा, इंजिन, चाके आणि सुकाणू. ज्या खिडकीतून आपण बाहेर पाहतो, ज्या बाकावर बसतो, पाऊस लागला तर जे छप्पर आपणास वाचविते, ते सगळे दुसऱ्याच हातांनी बांधलेले असते. ते हात कोणाचे, ते तिथवर कसे आले, आणि पुढे त्यांचे काय होणार, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

सुतारमेट

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. जिल्हा तरुण असला तरी येथील गाडीचा धंदा तरुण नाही. कळमनुरी, वसमत, सेनगाव, औंढा हा सगळा मुलूख काळ्या जमिनीचा. पावसाळ्यात या रानातून गाडी काढावयाची म्हणजे बैलांची आणि चाकांची परीक्षाच. म्हणून येथली चाके मोठ्या घेराची. लहान चाक चिखलात रुतते, मोठे चाक खड्ड्यावरून चढून जाते, हे गणित आपल्या सुताराला कोणत्याही शाळेने शिकविलेले नव्हते.

चाक कसे होई ते पाहा. मध्ये तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर पुठ्ठे, बहुधा प्रत्येक पुठ्ठ्यात दोन आरे, आणि सगळ्यांना बाहेरून कवटाळणारी लोखंडी धाव. लाकूड बाभळीचे, आणि तेही नीट वाळलेले. धाव चाकापेक्षा किंचित कमी घेराची ठेवीत. मग गोवऱ्यांच्या जाळात ती लाल होईपर्यंत तापवून, फुगलेल्या स्थितीत चाकावर बसवीत आणि लगेच पाणी ओतीत. लोखंड आकसले की सगळे सांधे असे आवळले जात की खिळ्याची गरजच पडत नसे. येथे सुतार आणि लोहार या दोघांनी एकाच क्षणी एकच काम करावयाचे असे. पाणी ओतण्यास उशीर झाला तर लाकूड जळे, घाई झाली तर धाव वाकडी बसे. कारखान्यातील सहकार्याचे धडे आपण पाश्चात्त्यांकडून घेतो असे म्हणतात. मला तर ते आपल्या मेटापुढच्या त्या जाळातच दिसतात.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. एक गाडी दुसरीसारखी नसे. बैल उंच की ठेंगणे, गाडी शेणखत वाहणार की कापूस, रान खडकाळ की चिकट, हे विचारूनच दांड्यांची लांबी आणि साट्याची रुंदी ठरे. लेकीबाळींना माहेरी आणावयाची दमणी वेगळी, तिला टप आणि बसण्याची सोय. कडबा वाहणारी गाडी वेगळी. गिऱ्हाइकाच्या गरजेबरहुकूम वाहन बांधून देणे ही आज श्रीमंतांची हौस समजली जाते. आपल्या खेड्यात तो साध्या कुणब्याचा हक्क होता.

परंतु या चित्राला सोनेरी चौकट लावण्याचे मला कारण नाही. सुतार बलुतेदार होता. औतांची आणि गाडीची दुरुस्ती बलुत्यात मोडे. सुगी झाली की खळ्यावर जाऊन धान्य मागावयाचे. पीक बुडाले की त्याचे बलुतेही बुडाले. नवी गाडी बांधली तर तिचे वेगळे मोल मिळे, पण तेही देणाऱ्याच्या सवडीने. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथाला ‘गावगाडा’ हे नाव दिले, यात मोठा अर्थ आहे. सबंध गावाला गाड्याची उपमा मिळाली. गाडा बांधणाऱ्याला मात्र त्या गाड्यावर हक्काची जागा मिळाली नाही. त्यातून आपला मुलूख निजामाचा. अंमलदाराची स्वारी आली की गाड्या, बैल आणि कारागीर वेठीला धरले जात, आणि वेठीच्या कामाचा दाम कोणाकडे मागणार? हिंगोलीस एकोणिसाव्या शतकात हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. छावणी म्हटली की रसद आली, आणि रसद म्हटली की गाड्या आल्या. छावणीतल्या साहेबांची नावे दप्तरात सापडतात. गाड्या जोडणाऱ्यांची सापडत नाहीत.

राजाची गाडी

आता या गाडीच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्यासाठी विलायतेस एक रोल्स-रॉइस मोटार नोंदविण्यात आली. पिवळ्या रंगाची, घुमटासारख्या छपराची, आत सिंहासनासारखे आसन असलेली. निजाम १९११ साली वारले आणि गाडी तयार होऊन आली ती त्यांच्या मुलाच्या, मीर उस्मान अली खान यांच्या कारकिर्दीत. या गाडीला सिंहासन-गाडी म्हणूनच ओळखतात. सांगण्यासारखी गोष्ट अशी की या मोटारीचे ते राजेशाही अंग रोल्स-रॉइसने घडविलेले नव्हते. ते बांधले लंडनच्या बार्कर या जुन्या बग्गी बांधणाऱ्या पेढीने. दुसऱ्या महायुद्धापर्यंत रोल्स-रॉइसचा शिरस्ताच असा होता की कंपनीने चासी द्यावी आणि गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीच्या बांधकाराकडून अंग चढवून घ्यावे.

हे बांधकार कोण होते? मोटारीच्या आधी ते घोड्यांच्या बग्ग्या बांधीत. इंग्रजीतील ‘कोच’ हा शब्दच मुळी हंगेरीतील कोच नावाच्या खेड्यावरून आला. तेथील गाडीवाल्यांनी पंधराव्या शतकात हलक्या, आरामशीर प्रवासी गाड्या बांधून नाव कमाविले. म्हणजे युरोपातही मोटारीच्या अंगाचा वंश सुतार-लोहारांपर्यंतच जाऊन पोहोचतो. लाकडी चौकट, तिच्यावर पत्रा ठोकून बसविलेला, त्यावर रंगाचे हात एकावर एक. हीच ती कला.

अमेरिकेत या कलेने वेगळे वळण घेतले. ओहायो संस्थानातील एका लोहार-गाडीकार घराण्यातले फिशर बंधू डेट्रॉइटला गेले आणि १९०८ साली त्यांनी मोटारींची अंगे बांधण्याचा कारखाना काढला. धंदा इतका फोफावला की जनरल मोटर्सने १९१९ साली त्यात मोठा हिस्सा घेतला व १९२६ साली सगळाच आपल्यात सामावून घेतला. त्यांच्या गाड्यांच्या दारापाशी एक छोटी पट्टी असे : बॉडी फिशरची. तिच्यावर राजेशाही बग्गीचे चित्र. अंग बांधणाऱ्याचे नाव गाडीवर आले ते असे. मात्र ते मालकाचे नाव होते. ज्यांचे हात त्या पत्र्यावर चालत, त्यांची ओळख जगाला पटली ती निराळ्या मार्गाने. ३० डिसेंबर १९३६ रोजी फ्लिंट गावच्या फिशर बॉडी कारखान्यात कामगारांनी काम थांबविले आणि ते यंत्रांपाशीच बसून राहिले. बाहेर पडले असते तर मालकाने दुसरी माणसे भरली असती. अंगांचे साचे तेथेच होते. ते अडले की सबंध कंपनी अडली. ४४ दिवस हा बैठा संप चालला, आणि ११ फेब्रुवारी १९३७ रोजी जगातील त्या सर्वांत मोठ्या मोटार कंपनीने युनियनला मान्यता दिली. मोटार-कामगारांच्या इतिहासातील हा निर्णायक विजय बॉडी बांधणाऱ्यांच्या शेडमध्ये मिळालेला आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

आपली मोटार

मराठवाड्यात प्रवासी मोटार आली ती बहुतांशी निजामाच्या रेल्वेच्या मागोमाग. निजाम स्टेट रेल्वेने १९३२ च्या जूनमध्ये आपले रस्ता-वाहतूक खाते काढले. आरंभी २७ गाड्या आणि १६६ माणसे. सरकारने प्रवासी मोटारवाहतूक आपल्या हाती घेतल्याचे देशातील हे अगदी सुरुवातीचे उदाहरण होय. त्या काळची स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीची एक गाडी हैदराबादेत जपून ठेवलेली आहे. संस्थान खालसा झाल्यावर, १९५१ साली हे खाते रेल्वेपासून वेगळे निघाले. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. आणि १९६१ साली येथील वाहतूक महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात सामील झाली.

तिकडे मुंबई राज्यात १ जून १९४८ रोजी पहिली एस.टी. पुणे-नगर मार्गावर धावली. प्रारंभीच्या ३० बेडफर्ड गाड्यांची अंगे लाकडी होती आणि बाकांवर काथ्याच्या गाद्या होत्या. आज त्या गाद्यांचे हसू येईल. परंतु लाकडी अंग म्हणजे काय? ते सुतारमेटातील विद्येचेच पुढचे पाऊल होते. नांगर आणि गाडी करणाऱ्या घरातली मुले शहरात येऊन बसच्या कमानी आणि खांब जोडू लागली. हत्यारे तीच : वाकस, पटाशी, रंधा. फरक एवढाच की खळ्यावरच्या धान्याऐवजी महिन्याच्या महिन्याला पगार मिळू लागला, आणि पगार चुकला तर भांडावयास कायदा मिळाला.

पुढे महामंडळाने तीन मध्यवर्ती कार्यशाळा चालविल्या : पुण्याजवळ दापोडी, नागपूरजवळ हिंगणा, आणि आपल्या मराठवाड्यासाठी छत्रपती संभाजीनगरजवळची चिकलठाणा. लाकूड मागे पडले, ॲल्युमिनियम आले. २०१७-१८ च्या सुमारास ॲल्युमिनियमची जागा पोलादी अंगाने घ्यावयास सुरुवात केली, कारण अपघातात ते अधिक तग धरते. सामान्य प्रवाशाला या बदलाची जाणीव एवढीच झाली की गाडी जरा उंच आणि आवाज जरा वेगळा. कामगाराला मात्र आपला हात पुन्हा नव्याने बसवावा लागला.

अंग बांधण्याची रीत थोडक्यात सांगतो. चासी कारखान्यातून निघते ती उघडीच. चालक एका तात्पुरत्या बैठकीवर बसून, तोंडाला फडके गुंडाळून, शेकडो मैल ऊन-वारा खात ती कार्यशाळेपर्यंत आणतो. तेथे चासीच्या दोन लांब पट्ट्यांवर प्रथम आडवे बांध टाकतात आणि ते इंग्रजी यू अक्षराच्या आकाराच्या बोल्टांनी आवळतात. पट्टीच्या वरच्या किंवा खालच्या काठाला भोक पाडावयाचे नाही, हा पहिला धडा. कारण सगळा भार त्या काठांवर येतो आणि भोकापाशी चीर जन्म घेते. मग खांब, खांबांवर छपराच्या कमानी, खिडक्यांखालून जाणारी लांब पट्टी, तळ, आणि शेवटी बाहेरचा पत्रा. पत्र्याला रिव्हेट मारणे हे दोघांचे काम. एकाने बाहेरून हातोडा चालवावा आणि दुसऱ्याने आतून लोखंडी ठोकळा दाबून धरावा. दोघांचा ताल चुकला की रिव्हेट वाकडी. आत ठोकळा धरणारा बहुधा शिकाऊ पोर असतो, आणि पेटीसारख्या त्या पोकळीत सगळा आवाज त्याच्या कानांवर येऊन आदळतो.

माझ्या माहितीतील एक पत्राकामगार अशाच एका खासगी कारखान्यात तीस वर्षे राबला. त्याचे बहिरेपण घरच्यांनी म्हातारपणात जमा केले. वस्तुतः आवाजामुळे येणारे बहिरेपण हे कायद्याने मान्य केलेल्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आहे. पण त्यासाठी तुमची शेड ‘कारखाना’ ठरली पाहिजे. १९४८ च्या कारखाना कायद्याने वीज वापरणाऱ्या ठिकाणी १० माणसांची मर्यादा घातली होती. परिणामी हजेरीपटावर नऊ नावे ठेवणे ही पुष्कळ छोट्या शेडवाल्यांची कलाच होऊन बसली. दहावा माणूस कामावर असे, कागदावर नसे. तो दहावा माणूस मी पाहिलेला आहे. संसदेने २०२० साली मंजूर केलेल्या नव्या संहितेत ही मर्यादा २० वर नेली, म्हणजे कागदावरून पुसल्या जाणाऱ्या माणसांची रांग लांबली.

एकट्याची गाडी

बॉडी बांधण्यापलीकडे, सबंध मोटारच आपल्या हाताने घडवावी असे वेड घेतलेली माणसेही महाराष्ट्रात झाली. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी हे त्यांतील अग्रणी. फारसे शालेय शिक्षण नसताना त्यांनी १९४९ च्या सुमारास लहान मोटारीचा पहिला नमुना केला. पुढे सुधारत सुधारत, १९७० च्या आसपास त्यांनी ‘मीरा’ मोटार चार माणसांस बसता येईल अशी केली. धक्के शोषण्यासाठी त्यांनी पोलादी पाट्यांऐवजी रबराचा उपयोग केला. सामान्य संसारी माणसास परवडेल अशी मोटार, ही त्यांची दृष्टी. परंतु परवाने आणि भांडवल यांच्या काळात ती गाडी उत्पादनापर्यंत पोहोचू शकली नाही.

दुसऱ्या टोकाला दिलीप छाब्रिया यांचे उदाहरण आहे. अमेरिकेतून मोटारींच्या रेखाटनाचे शिक्षण घेऊन आलेल्या या गृहस्थांनी १९९३ साली आपला उद्योग काढला व धनिकांच्या मोटारींची अंगे आणि अंतर्भाग बदलून देण्यात नाव मिळविले. २०१२ साली त्यांनी ‘अवंती’ ही स्वतःची मोटार दिल्लीच्या प्रदर्शनात मांडली. आणि तिसरे उदाहरण सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावचे, यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावचे. तेथील एका कारागिराने मुलाच्या हट्टासाठी भंगारातून चारचाकी बनविली. २०२१ च्या अखेरीस तिची चित्रे देशभर गेली. उद्योगपती आनंद महिंद्र यांनी कारागिराचे कौतुक केले, ही गाडी नियमांत बसणार नाही हेही सांगितले, आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो दिली.

तिघांपैकी एकास पैसा मिळाला, एकास कौतुक मिळाले, आणि एकास यांपैकी फारसे काहीच मिळाले नाही. कौशल्याच्या मोजमापाने हा हिशेब लागत नाही. तो भांडवलाच्या, ओळखीच्या आणि कायद्याच्या मोजमापाने लागतो.

कायद्याविषयी येथे स्पष्ट बोलले पाहिजे, कारण तरुण मंडळी मला नेहमी विचारतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते की कारखान्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकाने वाहनात करू नये. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळातील एका प्रकरणात हाच अर्थ कायम केला. तेव्हा तयार मोटार कापून हवी तशी करणे हे आज बेकायदा आहे. उघड्या चासीवर बसची बॉडी बांधणे ही गोष्ट वेगळी. चासी ही मुळातच अपुरी विकली जाते. पण तेथेही बॉडीचा नमुना मंजूर असावा लागतो, आणि बांधणाऱ्यास मान्यता लागते. दार किती रुंद, संकटकाळी बाहेर पडण्याच्या वाटा किती, बाक तळाला कसे जखडावेत, पडदे आणि गाद्यांचे कापड किती वेगाने पेटते, हे सगळे त्या नियमांत येते.

नियम आणि पोट

येथे माझ्यासारख्या कार्यकर्त्यापुढे खरा पेच उभा राहतो. छोट्या शेडमधील कारागीर म्हणतात, “हे नियम मोठ्या कंपन्यांनी आम्हाला मारण्यासाठी केले. आमच्या बापजाद्यांनी बांधलेल्या गाड्या चालल्या नाहीत काय?” त्यांच्या बोलण्यात तथ्य नाही असे नाही. चाचणीचा खर्च आणि कागदपत्रे मोठ्या कंपनीस जड जात नाहीत. आठ माणसांच्या शेडला तो डोंगर होतो. आणि मोठे गिऱ्हाईकच तयार गाड्या घेऊ लागले की उरलेले कामही जाते. २०२४ साली एस.टी. महामंडळाने लेलँडकडे २१०४ तयार बांधलेल्या गाड्यांची मागणी नोंदविली. म्हणजे ज्या कार्यशाळांनी पिढ्यान्‌पिढ्या अंगे बांधली, त्यांच्याकडे पुढे केवळ डागडुजी उरणार की काय, ही शंका साधार आहे.

परंतु दुसरी बाजू पाहा. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ एक खासगी शयनयान बस उलटली आणि पेटली. २५ माणसे जळून गेली. बस ज्या अंगावर पडली त्याच अंगाला दार होते. त्याआधी ८ ऑक्टोबर २०२२ रोजी नाशिकला अशाच एका बसने पेट घेतला आणि १२ जण गेले. या माणसांत विद्यार्थी होते, नोकरीसाठी शहरात निघालेले तरुण होते. आपल्या हिंगोलीतून दररोज संध्याकाळी पुण्या-मुंबईस निघणाऱ्या गाड्यांत जे बसतात, तसलीच ती माणसे. दारांची जागा, खिडक्यांची काच, आत कोंबलेल्या बर्थांची संख्या या गोष्टी ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडता येणार नाहीत. गाडीत बसणाराही कामगारच आहे. त्याच्या जिवावर दुसऱ्या कामगाराचे पोट चालावे, असे कोणत्याही युनियनने म्हणता कामा नये. म्हणून नियम शिथिल करा, या मागणीस माझा पाठिंबा नाही, आणि हे मी बॉडी-कामगारांच्या सभेतही सांगत आलो आहे.

मात्र नियम पाळावयाचा तर तो पाळण्याची ऐपत कामगारास दिली पाहिजे. बर्थ दोन जास्त बसवा, दार अरुंद करा, हे कारागीर ठरवीत नाही. गाडीचा धनी ठरवितो. कारागिराच्या हातात नाही म्हणण्याचे बळ नसते, कारण त्याचे नाव कोठेही नसते. ज्याचे नाव नाही त्याची जबाबदारीही नाही आणि अब्रूही नाही. आता माझ्या मुद्द्याची गाठ येथे बसते. गाडीवर बांधणाऱ्याची नावपट्टी असावी, ही काही मानपानाची मागणी नव्हे. चौकट कोणी जोडली, वेल्डिंग कोणी केले, तपासले कोणी, हे प्रत्येक अंगावर कोरलेले असेल तर चुकीच्या कामाला कारागीर स्वतःच नकार देईल आणि त्या नकाराला कागदाचा आधार मिळेल.

यासाठी तीन गोष्टी व्हाव्यात असे मला वाटते. पहिली, वर्षानुवर्षे हाताने काम केलेल्या माणसाची औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत प्रत्यक्ष कामाची परीक्षा घेऊन त्यास प्रमाणपत्र द्यावे. लेखी परीक्षेचा बाऊ करू नये. दुसरी, छोट्या शेडवाल्यांनी सहकारी संस्था काढून मंजूर आराखडे आणि चाचणीचा खर्च वाटून घ्यावा. साखर आणि दूध यांत महाराष्ट्राने हे करून दाखविले आहे. पत्र्यात ते का होऊ नये? वसमतच्या हळदीची आणि आपल्या उसाची वाहतूक करणाऱ्या ट्रॉल्या आज गावोगावच्या वेल्डिंगच्या दुकानांत बांधल्या जातात. त्यांचे मागचे दिवे, जोडणीची खीळ आणि ब्रेक यांपासून हे काम सुरू करता येईल. रात्रीच्या अंधारात दिवा नसलेली ट्रॉली म्हणजे रस्त्यावर उभी केलेली भिंतच होय. तिसरी, महामंडळाच्या कार्यशाळांतील कसबी माणसे निवृत्त होण्यापूर्वी त्यांच्या हाताखाली पोरे तयार व्हावीत. अमेरिकेत फिशर कंपनीने १९३० पासून शाळकरी मुलांसाठी बग्गीची प्रतिकृती घडविण्याची स्पर्धा चालविली होती व यशस्वी मुलांस शिष्यवृत्त्या दिल्या होत्या. आपल्या जिल्ह्यात बैलगाडीचे चाक घडविण्याची स्पर्धा ठेवावयास किती खर्च येईल?

बंधुभगिनींनो, १ जून १९४८ रोजी ज्या पुणे-नगर रस्त्यावर लाकडी अंगाची एस.टी. धावली, त्याच रस्त्यावर १ जून २०२२ रोजी विजेवर चालणारी ‘शिवाई’ धावली. इंजिन गेले, डिझेल गेले, धूर गेला. पण माणूस आत बसावयाचा आहे तोवर अंग राहणार, आणि अंग आहे तोवर ते बांधणारा राहणार. मग तो चिकलठाण्यात असो, परमुलखातील कंपनीत असो, की आपल्या गावच्या नाक्यावरील शेडमध्ये असो. बलुत्याच्या काळात तो खळ्यावर हात पसरून उभा राहिला, वेठीच्या काळात मान खाली घालून राबला, आणि आजच्या काळात हजेरीपटावरचा दहावा माणूस झाला. त्याचे नाव आता गाडीच्या अंगावर यावे आणि त्याचबरोबर पगारपत्रकावरही यावे. एवढे मागणे आपणा श्रोत्यांपुढे आणि आपल्यामार्फत सरकारपुढे ठेवून मी आपली रजा घेतो.